वाळूखालचा रांजण

देवाशी माझं नातं त्या काळात अगदी बाजारातलं होतं. तू एवढं कर, मी सोमवार धरते. तू तेवढं दे, मी मातामायला साडीचोळी करते. मनासारखं झालं की नवस फेडायला मी जराही वेळ लावत नसे, आणि नाही झालं की देव्हाऱ्याकडे पाठ करून बसत असे. "मोठी देवापुढं उभी राह्यली तरी भावच करते," असं माझ्याबद्दल, थोरल्या सुनेबद्दल, सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला हसत हसत सांगायच्या. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. घर मी सांभाळत होते, भाताच्या रोवणीच्या बायांना कामं मी वाटत होते, धान शेतातल्या बांधीतून कोठीत येईपर्यंत सगळं माझ्या नजरेखालून जायचं. जे आपल्या हातून होत नाही तेवढंच देवावर सोपवायचं, आणि तेही चोख बोलणी करून, असा माझा स्वभाव. त्या स्वभावाला एका उन्हाळ्यात नदीच्या वाळूत जे दिसलं, ते मी इथे जसं घडलं तसं लिहिते आहे. कोणी त्याला काय म्हणावं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ही ऐंशी सालानंतरची, आमच्या गावात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. आमचं गाव चामोर्शीकडचं. घरात सासूबाई, माझे यजमान, मी, धाकटे दीर आणि त्यांची बायको सुमन. सुमन वैनगंगेच्या थेट काठावरची मुलगी. तिच्या माहेरी उन्हाळ्यात विहिरी आटल्या की बाया नदीच्या वाळूत झिरा करतात. झिरा म्हणजे हातानेच उकरलेला खड्डा. त्यात खालून पाणी पाझरतं, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, मग निवळलेलं पाणी गुंडात, पितळेच्या घागरीत, भरायचं. हे काम सोपं वाटतं, पण खड्डा उभा खणला की कडा ढासळतात, आणि घाई केली की चिखलच प्यावा लागतो. सुमनचा झिरा कधी ढासळत नसे. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या गावच्या नाल्यावर तिने झिरा केला आणि पहिल्याच दिवशी साऱ्या बायांना शिकवायला लागली. मला तिचा राग आला होता. कालची आलेली पोर, आणि मला वाळू उकरायला शिकवते! पण पोरगी होतीच तशी. बोलायला लागली की चुलीवरचं वरण उतू जायचं. मी ओरडायचे, ती हसायची, आणि मग मलाही हसू यायचं. मला मूलबाळ नव्हतं. त्या घरात तिचं बोलणं हीच मोठी जाग होती.

खूप वर्षं वाट पाहून तिला मुलगी झाली. मुलीचं नाव आम्ही चंदा ठेवलं, आणि ती जितकी तिची तितकीच माझी झाली. अंघोळ मी घालायची, काजळ मी लावायची. पुढच्या पावसाळ्यात नुकती उभी राहायला लागलेली ती पोर तापाने फणफणली. आभाळ फाटल्यासारखा पाऊस, वैनगंगा रस्त्यावर आलेली, दोन्हीकडचे पूल पाण्याखाली. दवाखाना तिकडे, आम्ही इकडे. दीर पोरीला खांद्यावर घेऊन पाण्याच्या कडेपर्यंत गेले आणि परत आले. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही, पण घरात होतं नव्हतं ते सगळं कबूल केलं असेल. पाणी उतरलं तेव्हा पोर नव्हती.

सुमन रडली नाही. तिला रडवायचा साऱ्या गावाने प्रयत्न केला. तिने ओठ मिटले ते मिटलेच. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळीही गेली. ती चुलीपाशी बसायची, हात मांडीवर टाकून, आणि राखेकडे बघत राहायची. उठ म्हटलं की उठायची, चल म्हटलं की चालायची. आधी भरवलं तर खायची, नंतर घासही तोंडात तसाच ठेवायला लागली. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की शरीरात रोग नाही, मनाने दुःख धरलं आहे, पण अशीच उपाशी राहिली तर येता पावसाळा काही ती काढणार नाही. औषधाच्या गोळ्या दिल्या. त्या तिच्या जिभेखाली सापडायच्या. दीर तिच्यासमोर बसून, "सुमे, मले शिव्या तरी दे," असं म्हणायचे आणि उठून गोठ्यात जायचे.

सासूबाईंचे पाय तेव्हा गेले होते. त्या खाटेवरूनच सगळं बघत होत्या. एका सकाळी त्यांनी मला जवळ बसवलं. "मोठे, आयक," त्या म्हणाल्या, "हिले प्राणहितेवर घेऊन जाय. मातामायच्या सैपाकघरात." त्यांचं माहेर अहेरीच्या खालच्या अंगाला, प्राणहितेच्या काठी. तिथे नदीच्या पात्रात मातामायचं स्वयंपाकघर आहे, ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. दगडाची चूल, दगडाच्या भाकरी, दगडाचे रांजण. पण त्या दिवशी त्यांनी कधी न सांगितलेलं सांगितलं. रांजणांच्या तळाशी गोल गोटे असतात, त्यांना मायची लेकरं म्हणतात. जिचं मूल गेलं तिने रांजणात मूठभर नवे तांदूळ सोडायचे, आतला गोटा उचलून ओटीत घ्यायचा, पाहिजे तेवढा वेळ धरायचा, आणि मग आपल्या हाताने परत ठेवून त्याच रांजणाचं पाणी प्यायचं. सासूबाईंचीही दोन गेली होती. त्या स्वतः जाऊन आल्या होत्या.

मला ते ऐकून संतापच आला. जिची ओटी रिकामी झाली तिच्या ओटीत दगड द्यायचा, ही कुठली रीत? "आणि मामीजी, तिनं ठेवलाच नाही तर?" मी विचारलं. "ते तिच्यात आन मायमंदी हाये," सासूबाई म्हणाल्या. "तू फक्त घेऊन जाय. आन तिथी जाऊन भाव करू नको." दुसरा काही उपाय उरला नव्हता म्हणून मी हो म्हटलं. विश्वास होता असं मी म्हणणार नाही. पदराला नवे तांदूळ बांधताना मी मनात मातामायला बजावलंच, की एवढ्या लांब येते आहे, तर रिकाम्या हाताने परत पाठवू नकोस.

दीर, सुमन आणि मी, असे तिघे निघालो. अहेरीपर्यंत एस.टी., तिथे बाजाराच्या गर्दीत दुसऱ्या गाडीची वाट बघणं, मग सागवानाच्या जंगलातून धुरळा खात सासूबाईंच्या माहेरी. उन्हाळ्यात सागाला पान राहत नाही, त्यामुळे जंगल असूनही डोक्यावर ऊनच ऊन. रात्री त्यांच्या भाच्याकडे टेकलो आणि सकाळी त्याची बैलगाडी मागितली. तो गाडी जुंपता जुंपता म्हणाला, "उभे दगड हायेत, बाई, ते दिसतीन. रांजणाचं काई मले मालूम नाई. आता कोनी जात नाई तिकडं." दिरांनी कासरा हातात घेतला आणि आम्ही निघालो. सुमन गाडीत गवतावर बसली होती. जिथे बसवली तिथेच.

नदीची दरड उतरून गाडी वाळूत आली आणि मी जे पाहिलं त्याने मी खाली उतरायचंच विसरले. मी तोपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. नंतर एकदा पाहिला, तेव्हा मला वाटलं की आमच्या प्राणहितेचा काठ काही याहून कमी नाही. नजर पोचेल तिथवर पांढरी वाळू, पलीकडच्या अंगाला निळं पाणी, आणि मधे वाळूतून वर आलेले ते दगड. कोणी घडवलेले नाहीत, कुठे छिन्नीचा घाव नाही, आणि तरी त्यांच्यात बघावं तिथे घडण. एकीकडे पातळ पातळ थर एकावर एक असे रचलेले, की परातीत ठेवलेल्या भाकरींची चळत. दोन मोठ्या दगडांवर तिसरा आडवा, त्याखालून आरपार वारा, ती चूल. पलीकडे माणसाच्या उंचीचे दगड ओळीने उभे, कमरेत बारीक, खांद्यात रुंद, माथ्यावर गोल. पाण्याला निघालेल्या बायाच त्या. रंग तर काय सांगावेत! खाली हळदीचा पिवळा, वर गेरूचा तांबडा, मधूनच एखादा काळा पट्टा, लुगड्याचा काठ असावा तसा. मी एका दगडावर हात ठेवला. सकाळचं ऊन लागूनही आतून तो गार होता, आणि पाण्याने त्याला इतकं गुळगुळीत केलं होतं की हात उचलावासा वाटेना. दगडांना बारीक भोकं होती, त्यांतून वारा जाताना हलका घूं घूं आवाज यायचा. घरात कोणीतरी जात्यावर बसलं आहे आणि आपण अंगणात उभे आहोत, असं वाटत होतं. मला उगाचच डोक्यावर पदर घ्यावासा वाटला. मी घेतला.

पण रांजण कुठेच नव्हते. सासूबाईंनी खूण सांगितली होती, चुलीच्या पुढ्यात, बायांच्या ओळीच्या पायाशी. तिथे सपाट वाळू होती, नुसती वाळू, वाऱ्याने तिच्यावर लाटा काढलेली. मागच्या पुराने आणून टाकलेली. ज्या पाण्याने आमचा रस्ता अडवला तेच वैनगंगेचं पाणी पुढे प्राणहितेत येतं, आणि त्याच पाण्याने रांजणही बुजवले होते. हे ध्यानात आलं तेव्हा माझा तोल सुटला. मी चुलीसमोर उभी राहून मातामायला मोठ्याने बोलले. "पोर नेली ते नेली, आता दारही लावून घेतलं? आलेल्या माणसाला पाणी तरी विचारतात!" दिरांनी गाडीतलं फावडं काढलं आणि ते खणायला लागले. इथे खणलं, तिथे खणलं. कोरडी वाळू खड्ड्यात परत घसरायची. ऊन चढत गेलं. शेवटी त्यांनी फावडं टाकलं. "वैनी, कुठीच नाई," असं म्हणाले आणि वाळूत गुडघ्यावर बसून ढसाढसा रडले. पोर गेल्यापासून त्या माणसाच्या डोळ्याला मी पाणी पाहिलं नव्हतं. सुमन दगडाच्या सावलीत बसून त्यांच्याकडे बघत होती.

त्याच वाळूत थोडं पुढे एक डांगरवाडी होती. नदीचं पाणी उतरलं की वाळूत टरबुजं-डांगरं लावतात, ती वाडी. तिथली राखणदार म्हातारी आमचा सगळा प्रकार बघत असावी. ती काठी टेकत आली. कपाळावर मोठं कुंकू, नाकात दोन्हीकडे चमकी, बोलणं सगळं तेलुगू. तिचं मला कळेना, माझं तिला कळेना. तिने माझ्याशी फार बोलण्याच्या भानगडीत न पडता दिरांना दंडाला धरून उठवलं आणि आपल्या झोपडीच्या सावलीत नेऊन निजवलं. परत आली ती एक टरबूज आणि वाळलेल्या भोपळ्याची एक तुमडी घेऊन. टरबूज सुमनजवळ ठेवलं. तुमडी उलटी करून दाखवली, आत थेंब नव्हता. मग वाळूकडे बोट केलं आणि म्हणाली, "नीळ्ळु." तेवढा शब्द मला खुणेने कळला. पाणी पाहिजे तर काढ, असं ती म्हणत होती. आमच्या गाडीतलं मडकंही तोवर रिकामं झालं होतं.

बाई म्हणून जन्माला आल्यावर, देव भेटो न भेटो, पाणी तर काढावंच लागतं. मी रांजणाचा विचार सोडला. खरंच सोडला, कारण अंगात त्राणच नव्हतं. ओळीतल्या शेवटच्या दगडाच्या पायथ्याशी, जिथे वाळू जरा काळसर, ओलसर दिसली, तिथे बसले आणि झिरा उकरायला लागले. रागात होते, तहानलेली होते, हात नीट चालत नव्हते. खड्डा उभा खणला. कडा ढासळली. पुन्हा उकरला, पुन्हा ढासळली. तिसऱ्यांदा मी नुसतीच वाळू मागे फेकत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडाने मी कोणाला तरी शिव्या देत होते. कोणाला ते मलाही ठाऊक नाही.

माझ्या हातावर एक हात आला. हाडाचा, हलका हात. त्याने माझा हात बाजूला केला.

सुमन माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने खड्ड्याच्या कडा आधी लांबवर ओढून घेतल्या, उताराच्या केल्या, ओली वाळू थापटून बसवली, जशी तिने आमच्या नाल्यावर पहिल्या दिवशी बसवली होती. मग मधोमध उकरायला लागली. दोन्ही हात, एका लयीत. त्या हातांनी कित्येक महिन्यांत घासही उचलला नव्हता. मला वाटतं तिला माझा तो वेडावाकडा झिरा बघवला नसावा. आजही मी तिला तसं चिडवते. मी हात आवरून बसले. म्हातारी काठीवर हनुवटी टेकून उभी होती. तिने तुमडी पुढे केली आणि सुमनने ती घेतली.

कोपरभर खोल गेल्यावर तिची नखं कशावर तरी खरवडली. ती थांबली. बोटांनी चाचपत चाचपत गेली, आणि बोटं गोल फिरून परत जागेवर आली. मी वाकून पाहिलं. ओल्या वाळूत दगडाचा काठ होता. गोल, वळलेला, कुंभाराने चाकावरून आत्ताच उतरवला असावा इतका नेमका. दिरांनी अर्धी नदी खणली होती, आणि रांजण होता तो पाण्यासाठी बसलो तिथे. सुमन आतली वाळू तुमडीने काढत गेली, मी ती मागे सारत गेले. रांजणाची आतली बाजू दिसू लागली. ती बाहेरच्या दगडांहूनही सुंदर होती. पिवळ्या दगडात तांबड्या रेघा, वेढे घेत घेत खाली उतरणाऱ्या, गुळगुळीत, चकाकणाऱ्या. असं काही वाळूखाली झाकलेलं असतं आणि आपण त्यावरून चालत असतो, हे मला त्या दिवशी कळलं. चारी बाजूंच्या वाळूतून पाणी काठावरून आत पाझरू लागलं. आधी चिखल, मग मातकट पाणी.

पाणी दिसलं आणि माझा जुना स्वभाव उसळून आला. मायचा प्रसाद आहे, आत्ताच हिच्या पोटात गेला पाहिजे, क्षण जाता कामा नये! मी ओंजळ भरली आणि तिच्या तोंडाशी नेली. तिने माझं मनगट धरलं.

"थांबा बाई," सुमन म्हणाली. "गढूळ हाये."

आवाज घोगरा होता, वापरात नसलेल्या दाराच्या कडीसारखा. पण तिचाच होता. माझ्या ओंजळीतलं पाणी कधी सांडलं ते मला कळलं नाही. "उपसू द्या अजून," ती म्हणाली, आणि तुमडी भरून भरून ते गढूळ पाणी बाहेर टाकायला लागली. एक तुमडी, दुसरी, तिसरी. आणि टाकता टाकता तिला रडू फुटलं. आधी नुसता श्वास अडकल्यासारखा झाला, मग ती मोठ्याने, गळा काढून रडली, "चंदा, माय वो चंदा," अशी हाक मारत. हात मात्र थांबले नाहीत. उपसत होती आणि रडत होती. तो आवाज ऐकून दीर झोपडीतून धावत आले. मी त्यांना हाताने थांबवलं.

पाणी निवळलं. तळापर्यंत दिसू लागलं, आणि तळाशी गोटा होता. करड्या रंगाचा, वाटोळा, एकाही बाजूला खोच नसलेला. मी पदराची गाठ सोडली, सुमनने तांदूळ पाण्यात सोडले. पांढरे दाणे फिरत फिरत गोट्याभोवती बसले. मग ती पालथी झाली, दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घातले आणि गोटा वर काढून ओटीत घेतला. त्याचं वजन तिच्या मांडीवर पडलं तशी तिची मांडी आपोआप हलायला लागली, पोर निजवताना हलते तशी.

मला जी भीती होती ती आता समोर होती. ती गोटा ठेवेना. उभ्या दगडांच्या सावल्या सरकल्या, बैल रवंथ करत खाली बसले, आणि ती त्या ओल्या दगडाला पदराने पुसत बसली होती. तिने हा उचलून घरी आणला तर? चुलीपाशी राखेऐवजी याच्याकडे बघत बसली तर? माझ्या तोंडावर शब्द आले होते, सुमन ठेव आता, उशीर होतो आहे. मी उठायला गेले तोच म्हातारीने माझा दंड पकडला. "आगु," ती हळूच म्हणाली. "आगु, अम्मा." अर्थ मला पुढे कळला, थांब. पण पकड अशी होती की अर्थाची गरज नव्हती. मी पुन्हा खाली बसले. आणि त्या बसण्यात माझ्या आत काहीतरी बसलं. माझ्या हातात आता काही नव्हतं, बोलणी करायला काही नव्हतं, कबूल करायला काही उरलं नव्हतं. चंदासाठी मी सगळं घर कबूल केलं होतं. आता मी मातामायला एवढंच म्हटलं, की ही तुझी आहे, तू बघ. आयुष्यात पहिल्यांदा मी देवापुढे काही न मागता बसले. वारा दगडांतून घूं घूं करत होता.

सुमनने गोटा उचलला, गालाला लावला, आणि आपल्या हाताने पाण्यात सोडला. तळाशी टेकेपर्यंत तिने हात काढला नाही. "इथी गार हाये तिले," ती म्हणाली. तापात गेलेल्या पोरीची आई आणखी काय म्हणणार? मग तिने ओंजळभर पाणी घेतलं, प्यायली, आणि दुसरी ओंजळ माझ्यापुढे केली. इतकं गोड पाणी मी पुन्हा कुठे प्यायले नाही. म्हातारीने टरबूज दगडावर आपटून फोडलं आणि सुमनने लालभडक फोड हाताने उचलून खाल्ली. दीर तिच्याकडे बघत होते, आणि टरबुजाचं पाणी त्यांच्या हातावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, पण खायचं त्यांना सुचत नव्हतं.

घरी गेल्यावर सगळं एका दिवसात बरं झालं असं नाही. सुमन रडायची, खायची, पुन्हा रडायची. पण जो पावसाळा ती काढणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याच पावसाळ्यात ती माझ्या शेजारी चिखलात उभी राहून रोवणी करत होती. तिला पुन्हा मूल झालं नाही. मलाही नाही. दोघी जावांनी घर भरलं ते तिच्या बोलण्याने. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही म्हातारीसाठी लुगडं घेऊन गेलो. डांगरवाडी दुसऱ्या कोणाची होती, आणि त्यांना तशी कोणी म्हातारी ठाऊक नव्हती. वाळूही हलली होती. रांजण सापडला नाही. मी ते लुगडं दगडाच्या चुलीवर ठेवलं आणि रुसले नाही. आमच्या शाळेचे गुरुजी सांगतात की नदीच्या भोवऱ्यात गोटा सापडला की तो गरगर फिरत राहतो, फिरता फिरता खडक कोरतो, आणि कोरता कोरता स्वतः वाटोळा होतो. खरंच असेल. मला ते ऐकून त्या जागेचं कौतुक वाढलंच, कमी झालं नाही. एवढ्या पुरांनी घातलेले वेढे सोसून त्यातून जे उरलं, ते तिच्या ओटीत मावेल एवढं होतं.

सासूबाई गेल्या. आता घरात नळ आहे. सकाळी पाणी आलं की मी सवयीने भांडं घेऊन पुढे होते, आणि म्हातारी झालेली सुमन आतून ओरडते, "थांबा बाई, गढूळ हाये!"

आणि मी थांबते.